हलवायचंच कशाला?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लहानशा टूलरूममध्ये मी माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज फडक्यात गुंडाळून घेऊन गेलो होतो. पाऊस पत्र्यावर वाजत होता, आत कूलंटचा आंबूस वास होता आणि काका सरफेस ग्राइंडरवर वाकलेले. त्यांनी मशीन थांबवलं, हात पुसले, डोळ्याला भिंग लावलं आणि ब्रिजच्या पुढच्या दोन धारांवरून नख फिरवलं. "धार मेलीय ह्याची. डावीकडं तर खाच पडलीय." मग हे नेमकं करतं काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सहाही तारा ह्याच्यावर बसतात, हा दोन खुंटांवर टेकून झुलतो, दांडी दाबली की सगळे सूर एकदम खाली घसरतात, सोडली की परत जागेवर येतात. काकांनी ब्रिज टेबलावर ठेवला. हाताखालच्या पोराला कन्नडमध्ये पुढच्या जॉबचं काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हणजे खाली नेऊलालास आणि परत तिथंच आणूलालास. मग हलवायचंच कशाला?"

त्यांनी ते चेष्टेनं विचारलं नव्हतं. या माणसाचं आयुष्य जिग आणि फिक्स्चर करण्यात गेलंय. धरलेला जॉब केसभरही हलू नये, हेच त्यांचं कौशल्य. त्यामुळं मुद्दाम हलायला केलेली आणि तरीही तंतोतंत जागेवर यायला हवी अशी वस्तू समोर आल्यावर त्यांना खरंच कुतूहल वाटलं होतं. मी काहीतरी बोललो, वाजवताना छान वाटतं वगैरे. ते उत्तर त्यांना पटलं नाही आणि मलाही पटलं नाही. तिसऱ्या रेल्वे गेटपाशी गर्दीत अडकलो तेव्हाही तोच प्रश्न डोक्यात होता आणि घरी येऊन गिटारच्या पोटातल्या रिकाम्या खाचेकडं बघत बसलो तेव्हाही.

आमच्या घरात सूर म्हणजे पेटी. वडगावात आमच्या गल्लीत दिवसभर मागांची खटखट असायची, संध्याकाळी माग थांबले की कानाला आधी शांतता टोचायची आणि मग बाबांच्या पेटीचा भाता हलायचा. गुरुवारचं भजन, एकादशीचं भजन, कुणाच्या घरी वास्तुशांत असली की रात्रभर. पेटीच्या पट्ट्या काळ्या-पांढऱ्या, ठाम, प्रत्येकीचा सूर ठरलेला. दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाही. ऑल इंडिया रेडिओनं १९४० ते १९७१ पेटीला बंदी घातली होती ती याच कारणानं. मींड नाही, श्रुती नाहीत, आपलं गाणं तिच्यात मावत नाही असं तेव्हाच्या जाणकारांचं म्हणणं. बाबा त्यावर वाद घालत नसत. ते गाऊ लागले की मला मात्र दिसायचं, बोट एका पट्टीवर असायचं आणि गळा तिच्या आधी, नंतर, आजूबाजूनं फिरून येऊन बरोबर तिच्यावर टेकायचा. टेकला की मृदंगवाला मान डोलवायचा. मला लहानपणी त्या मधल्या फिरण्याचं फार वेड होतं. पट्टीवर बोट ठेवून मी भाता कमी-जास्त दाबायचो, सूर थोडा तरी वाकेल म्हणून. वाकायचा नाही.

तो वाकलेला मी पहिल्यांदा ऐकला गणपतीत. गल्लीच्या तोंडाशी स्टेज, ट्यूबलाइटभोवती पावसाळी किडे, कुठला तरी ऑर्केस्ट्रा. गिटार वाजवणारा कॅम्पातला होता, चर्चच्या बँडमध्ये वाजवणारा, काळी गिटार छातीशी उंच बांधलेला. एका गाण्याच्या मधल्या तुकड्यात त्यानं एक सूर लावला, दांडी धरली आणि तो सूर खाली सोडून दिला. विहिरीत बादली जावी तसा तो सरसर खाली गेला, इतका खाली की तारा सैल पडून फडफडल्या, आणि मग तो त्याला परत वर घेऊन आला. आमच्या मंडळाचे सगळे ओरडत होते. मी ओरडलो नाही. माझ्या पोटात काहीतरी खाली गेलं होतं आणि ते वर यायची मी वाट बघत होतो.

गिटार नंतर मिळाली, गोव्याच्या एका हॉटेल-बँडमधल्या माणसाकडून. तो जहाजावर नोकरीला निघाला होता, सामान कमी करत होता. चोर्ल्याच्या घाटातून एसटीत ती मांडीवर घेऊन आलो. बासवूडची बॉडी, हलकी, नखानं ओरखडा निघेल इतकी मऊ. वर लायसन्स्ड म्हणतात त्या प्रकारचा लॉकिंग ट्रेमोलो, म्हणजे तारा आवळून धरणारा हा झुलता ब्रिज, आणि समुद्राच्या हवेनं त्याच्या सगळ्या स्क्रूंवर तांबूस थर. बरीच वर्षं ती तशीच वाजवली. मग हळूहळू जाणवू लागलं की ती परत येत नाहीये. दांडी खाली दाबून सोडली की सूर किंचित उतरलेले राहायचे, वर ओढून सोडली की किंचित चढे. मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या नटापाशी तार अडकत असेल तर याच्या उलट होतं, खाली दाबून सोडल्यावर सूर चढा राहतो. म्हणून दोष धारेचाच, हे कळत होतं. फरक इतका बारीक की ऐकणाऱ्याला कळणार नाही. वाजवणाऱ्याला मात्र त्यानंतर काही सुचत नाही. प्रत्येक वेळी दांडीकडं जाणारा हात आधी थबकतो.

या यंत्राबद्दल मला मनापासून आदर आहे. लिओ फेंडरच्या कंपनीनं १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आणली तेव्हा तिच्या ब्रिजला दांडी होतीच. पण जोरात दाबली की तारा नटाच्या खाचेत आणि खुंट्यांभोवती सरकायच्या, आणि सरकलेली तार होती तिथं परत येत नाही. फ्लॉइड रोज या गिटार वाजवणाऱ्या माणसानं यावर उपाय शोधला. तो दागिनेही घडवायचा. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण सोनाराच्या हाताला बारीक धातूची पकड कळते. त्यानं तारेला दोन्ही टोकांना आवळून टाकलं. वर नटापाशी तीन पट्ट्या, एकेका पट्टीखाली दोन तारा. खाली प्रत्येक सॅडलमध्ये, म्हणजे तार ब्रिजवर जिथं टेकते त्या तुकड्यात, एक छोटा ठोकळा, मागच्या लांब स्क्रूनं दाबला जाणारा. तीन मिलिमीटरची ॲलन की फिरवली की तार कैद. मग तिला सरकायला जागाच उरत नाही, फक्त ताणायला आणि सैल व्हायला उरते. १९७९ साली त्याला पेटंट मिळालं. पण तार एकदा नटात आवळली की वरच्या खुंट्या निरुपयोगी होतात आणि सूर जरा जरी हलला तर सगळं उघडावं लागतं. म्हणून पुढं ब्रिजवरच बारीक सूर लावायचे सहा स्क्रू आले, फाइन ट्यूनर.

हे फाइन ट्यूनर पहिल्यांदा बोटाखाली घेतले तेव्हा मला मिरज आठवली. बाबांच्या भजनी मंडळातल्या एकांचा तानपुरा दुरुस्तीला द्यायचा होता आणि मी तो घेऊन मिरजेला गेलो होतो, पॅसेंजरनं, कुडची-उगारच्या उसातून. सतारमेकरांच्या त्या गल्लीत भोपळे टांगलेले, लाखेचा आणि ओल्या लाकडाचा वास. आज त्या सतारी-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय, २०२४ साली. तेव्हा मला फक्त एक म्हातारे कारागीर आठवतात, जवारी काढत बसलेले. घोडीचा तो किंचित उताराचा माथा कानशीनं घासायचा, तार वर ठेवायची, सुताचा धागा तारेखाली सरकवायचा, कान लावायचा, परत घासायचं. वर्षानुवर्षं तार एकाच जागी घासून घोडीवर चर पडतो आणि तानपुरा मुका होतो, म्हणून ही जवारी पुन्हा पुन्हा काढावी लागते. घोडीच्या खाली तारेत मणी ओवलेले. खुंटीनं सूर जवळ आणायचा आणि उरलेला केसभर फरक मणी सरकवून घालवायचा. सूर मोठ्या खुंटीनं पूर्ण लागत नाही, शेवटचं काम ब्रिजपाशीच करावं लागतं, हे त्या लोकांना शेकडो वर्षं ठाऊक आहे. आणि सगळा आवाज कशावर उभा, तर तार आणि घोडी जिथं भेटतात त्या एका रेषेवर, हेही.

माझ्या ब्रिजचीही तशीच एक रेषा आहे. खरं तर दोन.

ब्रिजच्या पाटीच्या पुढच्या कडेला दोन जागी सुरीसारखी धार काढलेली असते. बॉडीत ठोकलेल्या दोन खुंटांना खोबण असते, त्या खोबणीत ही धार टेकते. बस, एवढाच आधार. पुढून सहा तारा ओढतात. ९ ते ४२ जाडीच्या तारांचा सेट नेहमीच्या सुरात लावला तर सगळ्या मिळून साधारण ३८ किलोचा ताण. मागून बॉडीच्या पोकळीतल्या स्प्रिंगा तेवढ्याच जोरानं ओढतात. दोघांच्या मध्ये ब्रिज बॉडीला समांतर तरंगत राहतो. धार तीक्ष्ण आणि कडक असेल तर तो झुलून परत त्याच कोनात येतो. धार बोथट झाली की तिथं टेकायला रेषेऐवजी पट्टा तयार होतो, घर्षण वाढतं, आणि ब्रिज दर वेळी त्या पट्ट्यातल्या कुठल्या तरी वेगळ्या जागी विसावतो. माझ्या ब्रिजची पाटी जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली, वरून क्रोम. काकांनी खाच पडलेल्या जागी कानस एकदाच हलकी फिरवली आणि थांबले. "ह्याला धार लावता येईल, पण टिकणार नाही. ह्याला हार्डनिंग घेत नाही. महिन्या-दोन महिन्यांत परत हेच." पोलादाची पाटी असती तर तिला कडक करून घासता आलं असतं. लायसन्स म्हणजे फ्लॉइड रोजचा आराखडा वापरायची परवानगी, धातू कुठला घ्यायचा ते करणाऱ्याच्या हातात. हे त्या दिवशी टेबलावर स्पष्ट दिसलं.

मित्रांचं म्हणणं एकच होतं: ब्लॉक कर. मागच्या पोकळीत, ब्रिजखाली लोंबणाऱ्या ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंनी लाकडाचे तुकडे ठोक, ब्रिज हलणं बंद, सूर पक्का. आपल्याकडं निम्म्या गिटारी अशाच मिळतात. पोरं तरंगत्या ब्रिजची गिटार दिसायला भारी म्हणून घेतात, पहिली तार तुटते, एका तारेचा ताण गेल्याबरोबर ब्रिज मागं झुकतो, उरलेल्या पाचही तारा चढतात, आणि दुकानदार लाकूड ठोकून देतो. यात चूक काही नाही, ज्याला दांडी वापरायची नाही त्याच्यासाठी ते उत्तमच. पण मला ते करवेना. काकांच्या प्रश्नाचं एक उत्तर ते होतंच: हलवू नकोस. आणि ते उत्तर ऐकलं की माझ्या पोटात तीच जुनी, पट्टीवर बोट दाबून बसलेल्या पोराची घुसमट व्हायची.

मग नवीन घ्यायचं ठरलं. जर्मनीत शालर कंपनीकडं बनणारा फ्लॉइड रोज ओरिजिनल घ्यायचा की कोरियातला १००० सीरिजचा, यावर बराच काळ घालवला. कोरियातलाच आणखी स्वस्त, स्पेशल नावाचा येतो, त्यात सॅडल आणि खालचा ठोकळा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. एकदा पोळल्यावर तिकडं मन वळेना. ओरिजिनलची किंमत माझ्या गिटारच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. घरात हे सांगताना जड गेलं, आणि तरी घेतला तोच, पोलादाच्या कडक धारेसाठी. घेण्याआधी मोजमाप. खुंटांच्या मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ७४ मिलिमीटर. इथं अर्धा मिलिमीटर इकडं-तिकडं झाला तर धार खोबणीत तिरकी बसते आणि पहिल्या दिवसापासून झिजायला लागते. मग खाली पोकळीत जाणारा ठोकळा: ३२, ३७, ४२ अशा उंचीचे मिळतात, बॉडीच्या जाडीप्रमाणं निवडायचा, नाहीतर मागून बाहेर डोकावतो. पितळेचा मोठा ठोकळा बसवला की आवाज लांबतो असं बरेच जण सांगतात. मी एका मित्राच्या गिटारवर दोन्ही ऐकले. फरक आहे, थोडा भरदारपणा येतो, पण धार बोथट असेल तर पितळ काही करू शकत नाही. पैसे आधी धारेला, मग खुंटांना आणि उरले तर ठोकळ्याला, या मतावर मी ठाम आहे.

खुंटांचाच खरा घोळ निघाला. जुने खुंट बॉडीतल्या ज्या धातूच्या नळ्यांत फिरतात त्या मऊ लाकडात सैल झाल्या होत्या आणि तारांकडं झुकल्या होत्या. त्यात नवा ब्रिज टेकवला असता तर सगळं व्यर्थ. शहापुरातल्या एका सुतारदादांकडं गेलो. त्यांनी भोकात बोट घालून बघितलं, म्हणाले, "ह्यात सागवान पण नको, शिसव घालू." खानापूरकडच्या शिसवीचा एक तुकडा त्यांच्याकडं कधीचा पडलेला होता, जुन्या पलंगाच्या पायाचा, काळपट तांबडा. त्याच्या दोन गोल गुळ्या करून, सरस लावून त्यांनी त्या भोकांत घट्ट बसवल्या. दोन दिवस तसंच ठेवलं. मग मध्य मोजून, आखून, पुन्हा भोक पाडलं. शिसवीचा भुसा निघाला तेव्हा तो गोडसर वास आला आणि मला वाटलं, ही गिटार आत्ता कुठं इथली झाली.

बसवायला रात्र झाली. पहिली तार लावली की ब्रिज पुढं येतो, दुसरी लावली की पहिली उतरते, सहावीपर्यंत पोचेस्तोवर पहिली कुठल्या कुठं गेलेली असते. मागच्या स्प्रिंगा ज्याला अडकवलेल्या असतात तो पंजा धरून ठेवणारे दोन लांब स्क्रू थोडे आवळायचे, परत पहिल्यापासून. म्हणून आधी ब्रिजखाली घडी घातलेलं कापड सारून तो समांतर धरून ठेवला, सगळे सूर लावले, मग कापड काढून उरलेला हिशेब स्प्रिंगांकडून करून घेतला. उंची वाढवताना तारा सैल केल्या, कारण ताणाखाली खुंट फिरवला तर नवी धार त्याच क्षणी कापली जाते. इंटोनेशनला, म्हणजे प्रत्येक तार मानेवर सगळीकडं सुरात बोलेल असं करायला, सगळ्यात जास्त वेळ गेला: सॅडल सरकवायचा तर तार पूर्ण सैल करा, अंदाजानं सरकवा, आवळा, सूर लावा, मानेवरच्या बाराव्या पडद्यावर तपासा, चुकलं की परत सैल. बाहेर पाऊस लागलेला, दिवे दोनदा गेले आले. बाबा दारात येऊन उभे राहिले. आता ते फारसं गात नाहीत, दमा आहे. म्हणाले, "कशाला मिळवूलालास?" म्हणजे कुठल्या सुराला. मी मोबाइलचा ट्यूनर दाखवला. ते काही बोलले नाहीत, आत जाऊन पेटी घेऊन आले.

आमची पेटी जुनी आहे, ट्यूनरच्या ठरलेल्या ४४० हर्ट्झला नाही, थोडी चढीच आहे. त्या रात्री गिटार पेटीला मिळवली. नट आवळला, फाइन ट्यूनरनं शेवटचा केस मिटवला. मग बाबांनी भाता धरून एक पट्टी दाबून ठेवली आणि मी तोच सूर गिटारवर लावून दांडी खाली नेली. पेटी जिथं होती तिथंच. गिटारचा सूर तिच्यापासून सुटला, दोघांच्या मध्ये आधी वेगानं थरथरणारा कंप उठला, मग सूर इतका दूर गेला की दोघांचं नातंच राहिलं नाही. हळूहळू दांडी सोडत आणली. परत जवळ येताना तो कंप पुन्हा सुरू होतो, आधी भरभर, मग संथ, मग आणखी संथ, आणि जुन्या ब्रिजवर तो इथंच राहिला असता, सेकंदाला एखादा हेलकावा, कायमचा. या वेळी तो थांबला. दोन आवाज एक झाले. बाबांनी डोळे उघडले नाहीत, नुसतं म्हणाले, "परत कर." परत केलं. वर ओढून सोडलं, तरी तिथंच. भाता दमेपर्यंत आम्ही तेवढंच करत राहिलो.

काकांना द्यायचं उत्तर मला तिथं मिळालं, आणि नंतर गिटार घेऊन जाऊन ते मी त्यांना त्यांच्याच टेबलापाशी वाजवून दिलं. गणपतीत ऐकलं तेव्हा मला वाटायचं, मजा त्या खाली जाण्यात आहे. आता इतक्या वर्षांनी माझं सगळं ऐकणं त्या परतीच्या शेवटच्या अंतरावर असतं, कंप संथ होत जातो त्या जागेवर. बाबांचा गळा पट्टीवर टेकायचा तोही तिथंच. सुळेभावी या आमच्या उशाच्या गावी जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं नाव शहरातल्या रंगमंदिराला आहे, तिथं ऐकलेल्या कित्येक मैफलींत गवई षड्जावर यायच्या आधी लोक श्वास धरतात तो तिथंच. नुसता स्थिर धरलेला सूर ते देत नाही, कारण त्यात जाणंच नाही. आणि परत न येणारा ब्रिजही ते देत नाही. काकांनी ऐकलं, धार भिंगाखाली पुन्हा बघितली आणि तिचा कडकपणा किती असेल याचा अंदाज सांगू लागले. उत्तर त्यांना पटलं की नाही ते मी विचारलं नाही. पोलाद पटलं होतं.

आता आजूबाजूची मुलं येतात, निपाणीहून, खानापुरातून, ब्रिजबद्दल विचारायला. मी त्यांना आधी दांडी दाबून सोडायला सांगतो, मग ओढून सोडायला, मग खुंट हलतोय का ते बोटानं बघायला. गेल्या आठवड्यात निपाणीचा एक जण आला होता, त्याच्या बॉडीला खुंटापासून पुढं बारीक चीर गेलीय, रंगाखालून. त्याला नवा ब्रिज आत्ताच मागवायचा होता. मी म्हटलं, ब्रिज थांबू दे, आधी चीर बघू, आणि चिरेत सरसही आत्ता नको. लाकूड ओलं आहे, दसऱ्यानंतर ये. सुतारदादांकडं शिसवीचा तुकडा अजून थोडा शिल्लक आहे, तुझ्या नावानं ठेवायला सांगतो.